चार आण्यांची गाडी, बारा आण्यांचं गॅरेज!

कुठल्याही जुन्या सोसायटीच्या आवारात एक फेरी मारा. कंपाउंडच्या भिंतीलगत, नळाच्या मीटरशेजारी, एक तरी गाडी दिसेलच. अंगावर फाटकं कव्हर, चारही टायर बसलेले, काचेवर धुळीचा थर आणि त्या थरावर सोसायटीतल्या मुलांनी बोटांनी गिरवलेली नावं. मालक अमेरिकेत मुलाकडे गेलेले असतात, नाहीतर देवाघरी. सेक्रेटरी दर मीटिंगला विषय काढतात, 'त्या गाडीचं काय करायचं?'

आणि मग एक दिवस कोणीतरी तुम्हाला म्हणतं, 'अरे, तूच का नाही घेत? फुकट घेऊन जा!'

देणारे काका असतील, मामा असतील, ऑफिसातले जुने साहेब असतील किंवा शेजारच्या आजी. फुकट या शब्दात अशी काही जादू आहे की, भलीभली माणसं हिशेब विसरतात. गाडी घ्यायला जमलं नाही म्हणून वर्षानुवर्षं रिक्षा आणि बसवर भागवणाऱ्या घरात तर आनंदीआनंद होतो. मुलं सीट कव्हरचा रंग ठरवतात, बायको पहिल्या फेरीला कुठल्या देवाला जायचं ते ठरवते आणि नवऱ्याला आपल्यातला सुप्त मेकॅनिक आठवतो.

आपल्याकडे म्हण आहेच : घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. घोडं फुकट आलं खरं, पण त्याला चंदी कोण घालणार? बंद गाडीचंही तसंच. तेव्हा हो म्हणण्यापूर्वी एक आठवडा मागून घ्या आणि पुढच्या गोष्टी क्रमाने तपासा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक सुरुवात इंजिनापासून करतात आणि फसतात. इंजिन दुरुस्त होतं. खरा निकाल लावतात ते कागद आणि पत्रा.

बंद पडली की बंद ठेवली?

देणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा. ऐकायला सारखे वाटले तरी हे दोन वेगळे आजार आहेत.

बंद ठेवलेली गाडी शेवटच्या दिवशी व्यवस्थित चालत होती. काकांना मोतीबिंदू झाला, मुलाने नवी गाडी घेतली, चालवणारं कोणी उरलं नाही, म्हणून ती उभी राहिली. अशा गाडीत बॅटरी, पेट्रोल, ब्रेक, टायर आणि रबराचे भाग यांचा खर्च येतो, पण तो आधी मांडता येतो.

बंद पडलेली गाडी वेगळी. ती रस्त्यात थांबली, टो करून आणली, मेकॅनिकने खर्चाचा आकडा सांगितला आणि मालकाने 'बघू नंतर' म्हटलं. म्हणजे एका जाणकाराने तिचा हिशेब आधीच केलेला आहे आणि तो मालकाला परवडलेला नाही. त्या मेकॅनिकचा पत्ता मिळवा आणि त्याला भेटा. गाडी कशाने थांबली, इंजिन तापलं होतं का, टायमिंग बेल्ट तुटला होता का, हे त्याला हमखास आठवतं.

आणखी एक प्रश्न : गाडी कधी पाण्यात बुडाली होती का? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत तेच झालं. अशी गाडी वरून धुतली की चकाचक दिसते. पण सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा, गालिच्याचा कोपरा उचला, स्टेपनीच्या खळग्यात हात घाला. तिथे सुकलेला गाळ सापडला तर समजून जा. अलीकडच्या गाड्यांत इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक पेटीवर चालतो. पाणी शिरलेलं वायरिंग आज चालतं आणि उद्या ऐन रस्त्यात रुसतं.

गाडीच्या आधी आरसी बुक

आता कागद. गाडी पाहायला जाण्यापूर्वी आरसीची प्रत मागवा. त्यावरच्या चासिस आणि इंजिनच्या नंबरांचे शेवटचे आकडे गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. जुळले नाहीत तर नमस्कार करून परत या.

नंतर पाहायची ती नोंदणीची मुदत. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती ५-५ वर्षांनी वाढवता येते. मोटारीच्या नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली आणि २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने १०,००० झाली. शिवाय मुदत उलटून गेली असेल तर नियमानुसार दरमहा ५०० रुपये उशिराचे. म्हणजे तीन वर्षं कोपऱ्यात उभ्या असलेल्या गाडीवर नुसते उशिराचे १८,००० रुपये चढलेले असू शकतात! महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यावर पर्यावरण कर वेगळा.

यात आणखी एक मेख आहे. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते आणि ती चालती असावी लागते. म्हणजे आधी सगळा खर्च करायचा आणि मग पास होईल की नाही, याची वाट पाहायची.

गाडी कोणाच्या नावावर आहे, हेही नीट पाहा. मालक हयात असतील तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या लागतात. कर्ज काढून घेतली असेल आणि आरसीवर बँकेचं नाव अजून असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. मालक वारले असतील तर वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करावी लागते. नियम सांगतो की, मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवावं आणि तीन महिन्यांत नाव बदलून घ्यावं. दुःखाच्या दिवसांत हे कोणाच्या ध्यानात असतं? म्हणून कित्येक गाड्या वर्षानुवर्षं दिवंगतांच्या नावावर उभ्या आहेत. वारस तीन आणि एक परदेशात, असं असेल तर गाडीपेक्षा सह्याच महाग पडतात.

गाडी परराज्यातली असेल तर आणखी एक पायरी. समजा, इंदूरच्या मावशीची गाडी तुम्ही नागपूरला आणली. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथे नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, लागतं आणि नव्या राज्याचा कर भरावा लागतो. दिल्ली आणि राजधानी परिसरात तर १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आले आणि २०२५ मध्ये त्यांत फेरबदलही झाले. तिथल्या वाचकांनी आरटीओत ताजी स्थिती विचारल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये.

'घरातलीच तर गाडी, नावाचं बघू नंतर,' असं देणारे म्हणतील. तिथे ऐकू नका, ते त्यांच्याही हिताचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की, अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक. उद्या तुमच्या हातून अपघात झाला तर नोटीस काकांच्या दारी जाईल.

मग पत्रा, तोही दिवसाउजेडी

कागद ठीक असतील तर गाडी पाहायला जा, पण सकाळच्या उन्हात. सोबत एक स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च घ्या. दारांखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, डिकीचा तळ, पायाखालचा पत्रा आणि बॉनेटखाली शॉकॲब्सॉर्बर जिथे बसतात ती जागा, या सगळीकडे हलकेच टोचून पाहा. रंगाचा फोड फुटून खाली तांबडी भुकटी दिसली तर ठीक, ती घासून रंगवता येते. पण टोक आरपार गेलं तर पत्रा सडलाय.

दार किंवा मडगार्ड सडलं तर बदलता येतं. शॉकॲब्सॉर्बरची जागा किंवा खालची चौकट सडली तर गाडीचा कणाच गेला. वेल्डिंग करून ती उभी राहील, पण कुटुंबाला बसवून घाटात नेण्यालायक उरणार नाही. कोकण, गोवा आणि मुंबईच्या किनाऱ्यालगत खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीला हा धोका जास्त. तीच गाडी सोलापूरला किंवा हैदराबादला छपराखाली उभी असती तर पत्रा बराच शाबूत राहिला असता.

किल्ली फिरवायची घाई नको

आता इंजिन. नवी बॅटरी लावून 'एकदा सेल्फ मारून तर बघू', असं सगळ्यांनाच वाटतं. थांबा! उभ्या गाडीतलं जुनं पेट्रोल खराब होतं. त्याचा चिकट थर जमतो आणि तो थेट पंपात, इंजेक्टरमध्ये किंवा कार्बोरेटरमध्ये जातो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढून घेतं. टाकी आतून गंजते. म्हणून आधी टाकी रिकामी करायची, मग पुढचं.

ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल काळं असेल तर हरकत नाही. पण दुधाळ, चहाच्या सायीसारखं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी मिसळलंय. हेड गॅस्केटपासून हेडला तडा जाण्यापर्यंत काहीही असू शकतं. मग मेकॅनिकला सांगा की, प्लग काढून सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोड, रात्रभर राहू दे आणि सकाळी पान्याने इंजिन हाताने फिरवून पाहा. फिरलं तर जीव आहे. फिरलंच नाही तर इंजिन जाम, म्हणजे बोअर-पिस्टनचं मोठं काम. जुन्या छोट्या गाडीला ते क्वचितच परवडतं.

जे डोळ्यांना दिसत नाही ते रबर. बेल्ट, पेट्रोलचे पाइप आणि ब्रेकमधले वायसर गाडी न चालवताही म्हातारे होतात. तडकलेला पेट्रोलचा पाइप म्हणजे आगीला आमंत्रण, तो न बदलता इंजिन चालू करूच नका. ब्रेक ऑइल ओलावा धरतं, त्यामुळे ब्रेकचं पूर्ण काम करावंच लागतं. टायरवर नक्षी भरपूर दिसेल, पण बाजूला चार आकडे छापलेले असतात ते वाचा. २३१६ म्हणजे २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. एवढा जुना टायर नक्षी कितीही शिल्लक असो, हायवेला नेऊ नये.

आणि आपले उंदीरमामा! बंद गाडी म्हणजे त्यांचा फुकटचा फ्लॅट. बॉनेटखाली कापसाचं घरटं दिसलं तर वायरिंग कुरतडलेलं असणार, हे धरून चाला.

हिशेब कागदावर मांडा

आता वही काढा. खाली दिलेले आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. तुमच्या गावचे तुम्ही दोन गॅरेजमध्ये विचारून लिहा.

समजा, गाडी छोटी पेट्रोलची आहे, बंद ठेवलेली आहे आणि पत्रा बरा आहे. बॅटरी ४,५००, चार टायर १४,०००, ब्रेकचं काम ६,०००, टाकी आणि पेट्रोल पंप ७,०००, बेल्ट, पाइप आणि ऑइल ६,५००, क्लच ६,०००, वायरिंग ४,०००, टो करून आणायचे २,०००. झाले बरोबर ५०,०००. गाडी उघडल्यावर आणखी काही निघतंच, म्हणून त्यावर चौथा हिस्सा धरा : १२,५००. विमा ३,०००. एकूण ६५,५००.

आता कागदाची बाजू. पहिल्या घरी गाडी ९ वर्षांची आहे, नोंदणी ६ वर्षं शिल्लक आहे. नूतनीकरणाचा खर्च शून्य. तसली चालती गाडी बाजारात दोन लाखांना मिळत असेल, तर ६५,५०० रुपयांत ती तुमची झाली. बिनधास्त दुरुस्त करा!

दुसऱ्या घरी तेच मॉडेल, पण १७ वर्षांचं. नोंदणी संपून दोन वर्षं झालेली. नूतनीकरणाचे ५,००० आणि उशिराचे १२,००० वाढले. एकूण ८२,५००. तसल्याच वयाची, चालती, कागद चोख असलेली गाडी गावात ८० हजारांना मिळत असेल, तर फुकटची गाडी विकतच्या गाडीपेक्षा महाग पडली! तीन महिन्यांच्या गॅरेजच्या खेपा वेगळ्याच.

पाहा, दोन्ही गाड्यांची इंजिनं सारखीच होती. निकाल कागदांनी लावला.

सुट्या भागांची चौकशीही याच वेळी करा. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी तिचे भाग मिळवायला त्रास नाही, कारण ती देशभर पसरली होती. पण ज्या कंपन्यांनी भारतातली विक्री थांबवली, उदाहरणार्थ २०१७ च्या अखेरीस शेवरले, त्यांच्या कमी खपलेल्या मॉडेलचा एखादा काचेचा किंवा इलेक्ट्रॉनिक भाग शोधावा लागू शकतो. गॅरेजवाल्याला स्पष्ट विचारा, 'भाग मिळेल का, आणि किती दिवसांत?'

भंगार, पण रीतसर

हिशेब भंगाराच्या बाजूने गेला तर वाईट वाटून घेऊ नका. पण कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला रोख घेऊन गाडी देऊन टाकणं, हा मार्ग सोपा दिसला तरी धोक्याचा आहे. गाडी कापली गेली असं तुम्ही समजता आणि तिचा नंबर दुसऱ्याच कुठल्या गाडीवर फिरत असतो. आरटीओच्या दप्तरी नोंदणी रद्द झाली नसेल तर पोलिस तुमच्याकडेच येणार. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करावी, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने वाहन मोडीत काढण्याचं धोरण आणि नियम आणले. त्यानुसार नोंदणीकृत मोडणी केंद्रं सुरू झाली आहेत. तिथे आरसी, ओळखपत्र आणि बँकेचे तपशील द्यावे लागतात. मालक दिवंगत असतील तर वारसाचे कागद. गाडी जमा केल्यावर ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि मोडल्यावर मोडणीचं प्रमाणपत्र. ठेव प्रमाणपत्र दाखवून नवी खासगी गाडी घेतली तर नोंदणी फी माफ आणि रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत, अशी केंद्राच्या नियमात तरतूद आहे. प्रत्यक्षात किती, ते राज्य ठरवतं. मोडीची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मिळावी, असं धोरणात म्हटलं आहे. वजनावर हिशेब करायचा तर समजा ७०० किलोची गाडी आणि किलोला २५ रुपये, म्हणजे १७,५०० रुपये. टो करण्याचा खर्च कोणाचा, हे आधी विचारून घ्या.

१ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांचे पर्यावरण नियमही लागू झाले आहेत. त्यानुसार अशी गाडी १८० दिवसांत अधिकृत ठिकाणी जमा करण्याची जबाबदारी मालकावर आहे. यात तथ्य आहे. बॅटरीतलं शिसं, काळं ऑइल आणि एसीचा गॅस गल्लीतल्या गटारात आणि हवेत सोडले तर ते आपल्याच मुलांच्या वाट्याला येतात.

आणि आठवणींचं काय?

खरी अडचण बहुधा पैशांची नसतेच. ती गाडी बाबांची असते. त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून घेतलेली, बहिणीची पाठवणी जिच्यातून झाली ती. आई रोज गॅलरीतून तिच्याकडे पाहते. अशा वेळी वहीतला हिशेब पुढे करून 'विकून टाकू' म्हणणं क्रूरपणाचं होईल.

आठवणीसाठी पैसे खर्च करायलाही हरकत नाही. फक्त तो खर्च आठवणीच्या खात्यावर लिहा, 'स्वस्तात गाडी मिळाली' या खात्यावर नको. घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा की, यासाठी आपण इतके रुपये देऊ, त्याच्या पुढे नाही. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल, म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली जुनी फियाट वगैरे, तर गोष्टच निराळी. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीची व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी होते. पण ती रोज ऑफिसला न्यायची नसते, हे ध्यानात ठेवा.

गाडी राखणं शक्यच नसेल तर मोडणी केंद्राला आधी विचारून स्टीअरिंग किंवा बोनेटवरचं नाव काढून घ्या. जाण्याआधी सगळ्यांनी गाडीजवळ उभं राहून एक फोटो काढा. आईला कारखान्याचं नाव सांगू नका हवं तर, पण गाडी जाणार हे मात्र आधी सांगा. ती झोपलेली असताना गाडी उचलून नेऊ नका.

आणि गाडी देऊ करणाऱ्या काकांना नकार कसा द्यायचा? सरळ आणि मायेनं. 'काका, तुम्ही आठवणीने मला विचारलंत, बरं वाटलं. मी मेकॅनिकला दाखवली. तिला उभं करण्याइतकी माझी ऐपत नाही. पण तुम्ही म्हणाल तर आरटीओच्या आणि मोडणी केंद्राच्या खेपा मी घालतो.' बहुतेक काकांना खरी मदत हीच हवी असते. गाडी कोणी घ्यावी यापेक्षा ती आपल्या नावावरून रीतसर उतरावी, याची काळजी त्यांना जास्त असते.

हो म्हणालात तर मात्र दोन तारखा वहीत लिहून ठेवा. एक, नाव बदलण्याचे फॉर्म आरटीओत देण्याची. दुसरी, गाडी स्वतःच्या चाकांवर चालू लागण्याची, फार तर तीन महिन्यांनंतरची. दुसरी तारीख उलटली आणि गाडी अजून विटांवरच उभी असेल, तर गॅरेजवाल्याला आणखी आगाऊ रक्कम देऊ नका. थेट मोडणी केंद्राला फोन करा. नाहीतर काकांच्या सोसायटीतली गाडी तुमच्या सोसायटीत आली, एवढाच काय तो फरक पडेल.